जयवंतीनं खारवलेला तुकडा

"मीठ?"

"मीठ नाय तं काय, साखर घालू?"

"अगं, पण मीठ घालायला सांगितलं कुणी तुला?"

"सांगायला कशाला पायजे? मांस हाय ना ते? मांसाला मीठ नाय लावलं तं ते किडतं. एवढं तं दांडीतल्या शेंबड्या पोरालाबी कळतं."

पालघरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर चंद्रकांता चुरी यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. समोरच्या बाकावर दांडीची जयवंती पाय वर घेऊन बसली होती, बाजारात बसते तशीच ऐसपैस. मासळीची रिकामी पाटी तिनं दाराशी ठेवली होती आणि पाटीभोवती दवाखान्याचं मांजर घिरट्या घालत होतं.

"बाटलीत औषध होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी माझ्या हातानं भरलं होतं. ते कुठं गेलं?"

"वतलं."

"ओतलं? कुठं?"

"माडाच्या बुंध्यात. माझ्या तांडेलानं बाटली घरी आणली. म्हटलं, बघू तरी आपला जीव कसा दिसतो. झाकण काढलं नि अख्ख्या घराच्या डोळ्यांना धारा! सासू शिंकून शिंकून बेजार. असलं इख भरून पाठवलं तं माझा तुकडा मुंबईला पोचायच्या आदीच जळून जाईल ना? म्हणून चांगलं जाडं मीठ घेतलं. खाली थर, वर थर. माझ्या हातचं खारं वर्सभर टिकतं बाई, बोईसरच्या बाजारात कुणालाबी विचारा."

"मुंबईचे डॉक्टर काय म्हणाले, सांगू?"

"काय?"

"म्हणाले, पालघरहून सुकट आलीय. तपासायची की तळायची?"

पडद्याआड औषधं मोजणारा नरहरी कंपाउंडर खोकला आल्यासारखं करून हसला. जयवंतीलाही हसू येत होतं, पण तिनं ते ओठांतच दाबलं.

"मंग? तपासली का नाय?"

"कशी तपासणार? त्या औषधात तुकडा होता तसाच्या तसा राहतो. मग तो मेणात बसवतात, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. त्यातले बारीक कण, म्हणजे पेशी, आपापल्या ओळीत आहेत की ओळ मोडून खाली घुसल्यात, एवढंच बघायचं असतं. तुझ्या मिठानं त्यांच्यातलं पाणीच ओढून घेतलं. सगळ्या सुकून चुरगळल्या."

"मंजे टिकला, पण वाचता येत नाय."

"अगदी तसंच. आता दुसरा तुकडा घ्यावा लागेल."

जयवंतीचे पाय बाकावरून खाली आले. हसू तर केव्हाच गेलं होतं.

"दुसरा नाय मिळायचा."

"जयवंती..."

"एक नेलात तो नेलात. तो वाया गेला त्यात चूक माझी, कबूल. पण पुन्हा सुरी लावून घ्यायची नाय मी. सुरी लागली की ते पसरतं. आमच्या माई सांगतात. वाणगावची बुधी तशीच गेली. कापलं नि महिन्यात खलास."

"कोण माई? डॉक्टर आहेत का त्या?"

"सासू हाय माझी!" जयवंतीनं पाटी उचलली, मांजराला हाकललं आणि ती चालू लागली. दारातून मात्र वळून म्हणाली, "औषध असंल तं द्या. गोळ्या द्या, लाल पानी द्या, काय पन द्या. कापायचं नाव काढू नका."

या जयवंतीला दांडी गावात ओळखत नाही असा माणूस नव्हता. ओळखत नसला तरी त्यानं तिला ऐकलेलं असायचंच. तिचा आवाज असा की ती किनाऱ्यावरून बोलली की खाडीपलीकडच्या बायका उत्तर देत. नवरा नवशा तांडेल होता, म्हणजे होडीचं सुकाणू त्याच्या हातात. पण होडी किनाऱ्याला टेकली की सुकाणू जयवंतीकडे जायचं. घोळ, दाढा, सुरमई असली मोठी मासळी उभी चिरायची, धुवायची, मीठ चोळून थरांवर थर रचायचे, वरून दगड ठेवायचा, हे काम तिच्यासारखं कुणाला जमत नसे. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं आणि बोईसरला देशभरची माणसं उतरली, तेव्हा तिचं नशीब फळफळलं. केरळातले फिटर तिच्या खाऱ्या मासळीवर तुटून पडत. पंजाबी मिस्त्री नाक मुरडत पुढं जात, तेव्हा ती त्यांना सोडत नसे.

"अरे ओ सरदारजी! नाक काय को बंद करता हाय? खाके देख, घर का रस्ता भूल जायगा!"

"बीबी, बदबू आती है!"

"बदबू नहीं, वो ताकत हाय!"

सरदारजी हसत हसत पुढं जात. एखादा परत येऊन अर्धा दाढा घेऊनही जाई.

अशा या बाईला त्या वर्षी होळीपासून भलतंच काही होऊ लागलं. पाळी येऊन गेली तरी मध्येच रक्त दिसायचं. ओझं उचललं की दिसायचं, नवरा जवळ आला की दिसायचं. किनाऱ्यावर असल्या गोष्टी लपत नाहीत, कारण पाळी अंगावर असताना बाईनं होडीला आणि जाळ्याला हात लावायचा नाही हा तिथला नेम. जयवंती जाळ्यापासून दूर दूर राहू लागली, तशी बायकांची बोटं मोजू लागली. शेवटी नवशाच तिला पालघरला घेऊन आला.

डॉक्टरीणबाई शिरगावच्या वाडीवाल्यांची मुलगी. त्यांच्या घरी जयवंतीची आई मासळी घालायची, म्हणून जयवंतीचा त्यांच्यावर हक्क होता आणि त्यांचा तिच्यावर. त्यांनी तपासलं. गर्भपिशवीच्या तोंडाशी एक लालबुंद कोंब आला होता, करंगळीच्या पेराएवढा, नुसता बोळा लागला तरी रक्त सुटणारा. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, "साधा असेल. बहुतेक साधाच. पण कॅन्सरही कधीकधी असाच दिसतो. डोळ्यांनी सांगता येत नाही, तुकडा तपासला की कळेल." तो तुकडा मुंबईला पोचवायचं काम नवशाकडे आलं, आणि जाण्याआधी दांडीला मुक्काम पडल्यावर बाटलीचं काय झालं ते वर आलंच आहे.

घरी आल्यावर जयवंतीनं सगळं माईंच्या कानावर घातलं. माई ओट्यावर बसून बोंबील निवडत होत्या.

"बरं केलंस, नाय म्हणालीस ते," माई म्हणाल्या. "देवानं झाकून ठेवलेलं हाय ते. माणसानं उघडून बघू नये."

"पण माई, ती म्हणते कॅन्सर हाय का नाय ते..."

"नाव काढू नको घरात. कळून काय करशील? कळलं तं भीती, नाय कळलं तं बाजार. तू बाजार कर."

नवशा जाळं शिवत बसला होता. त्यानं सुईवरून नजर न काढता विचारलं, "नि कमी नाय झालं तं?"

"तू गप!" माई आणि जयवंती एकदमच म्हणाल्या. नवशानं पुढचा टाका घातला. होडीवर आठ गड्यांना हुकूम देणारा माणूस, पण घरात दोन बायकांपुढं त्याचं शीड कायम उतरलेलं.

डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या संपल्या. लाल पाण्याची बाटली संपली. रक्त काही थांबलं नाही. रात्री कूस बदलताना जयवंतीला तो कोंब आठवायचा आणि तो वाढत असेल की तसाच असेल याचा हिशेब ती करत बसायची. दिवसा मात्र आवाज तोच. फक्त बाजारात आता ती उभी राहून ओरडत नव्हती, बसून ओरडत होती.

तिच्या शेजारी वाणगावची जमुना मिरच्या-वांगी घेऊन बसे. दोघींचं भांडण रोजचं. मासळीचं पाणी वांग्यांकडे वाहतं, हा जमुनाचा दावा. वांग्यांना फुकटचं खत मिळतं, हे जयवंतीचं उत्तर. त्या दुपारीही तेच चाललं होतं. गिऱ्हाइकाला दाढा दाखवायला जयवंती उठली आणि उठता उठताच थांबली. खाली फरशीवर लाल डाग पडला होता. तिनं पटकन मासळीचं पाणी त्यावर ओतलं.

"आलं बघ परत माझ्या वांग्यांत!" जमुना ओरडली, आणि मग तिनं जयवंतीचं तोंड पाहिलं. ते पांढरं पडलं होतं. "काय गो? काय झालं?"

"काय नाय. दाढ्याचं रगत."

"खाऱ्या दाढ्याला रगत?" जमुनानं आवाज खाली आणला. गिऱ्हाइकाला तिनं हातानंच वाटेला लावलं. "बस. पानी पी. कदीपासून?"

"होळीपासून."

"नि दाखवलंस कुणाला?"

"दाखवलं. तुकडा काढते म्हणते. मी नाय देत. तुला काय सांगायचं बाय, तुझ्या सख्ख्या बहिणीचं काय झालं ते तूच बघितलंस."

"बुधीचं? तिचं काय झालं?"

"सुरी लावली नि महिन्यात..."

"कोण बोललं हे?" जमुना इतक्या जोरात म्हणाली की समोरच्या केळीवाल्यानं मान वळवली. "सुरी लावली म्हणून गेली? अगो, सुरी लावायच्या आदी दोन पावसाळे ती लपवत व्हती! रगताची धडुती चुलीत जाळायची, आमाला कळू नये म्हणून. आईनं विचारलं की म्हणायची, उष्णता झाली. पडली तेव्हा मी नेली तिला. डॉक्टर काय म्हणाला ठाव हाय? म्हणाला, गेल्या वर्सी आणली असती तं काही करता आलं असतं. लोकांनी मातर सुरीलाच बोल लावला. बरं पडतं ना! बुधीला कोण बोल लावंल? आपल्याला कोण लावंल?"

 जमुनानं जयवंतीच्या पुढ्यातली मासळी भराभर पाटीत भरली.

"अगो, विकायची हाय अजून!"

"मी विकते. पालघरची गाडी येईल आता. ऊठ."

"तू? तू मासळी विकनार? तुला दाढा नि सुरमई कळत नाय!"

"मोठं ते महाग, बारीक ते स्वस्त. चल, ऊठ!"

डॉक्टरीणबाईंनी तिला दारात पाहिलं आणि काहीच विचारलं नाही, फक्त नरहरीला पाणी उकळायला सांगितलं. जयवंती टेबलावर चढताना बडबडत होती आणि उतरतानाही. या खेपेला बाईंनी नुसता तुकडा न काढता कोंबच देठाशी पीळ देऊन पुरा काढला होता.

"झालं?"

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच. मागच्या वेळीही एवढंच होतं. पण तुला आरडाओरड्यात कळलं नाही."

बाटलीत औषध भरून बाईंनी झाकणावर मेण ओतलं, वर चिकटपट्टी लावली आणि तीवर दोऱ्याच्या गाठी मारल्या. मग जमुनाच्या निरोपावरून न्यायला आलेल्या नवशाच्या हातात दिली.

"ही घरी न्यायची नाही. इथून सरळ मुंबईची गाडी. काय?"

"व्हय."

"उघडायची?"

"नाय."

"बायकोनं मागितली तर?"

नवशानं बायकोकडं पाहिलं, मग बाटलीकडं, आणि म्हणाला, "बाई, तुमी जरा तिला ठेवून घ्या गाडी सुटेस्तवर."

जयवंती खदखदून हसली. नवशा बाटली दोन्ही हातांत धरून, जिवंत खेकडा धरावा तशी अंगापासून लांब, स्टेशनाकडं निघाला.

मग वाट बघणं आलं. ते जयवंतीला कधी जमलंच नव्हतं. मासळी तिला लगेच दिसायची, लगेच वास यायचा, चांगली की वाईट ते कल्ले उघडून पाहिलं की कळायचं. इथं कुणीतरी दूर मुंबईत बसून तिच्या अंगातल्या ओळी बघणार होतं. ती खारवताना मध्येच थांबू लागली. बोंबील वाळत घालायच्या वलांड्यांवर ओळी नीट लागल्या नाहीत की गड्यांवर ओरडू लागली. एकदा तर तिनं सगळी वलांडी उतरवून पुन्हा लावायला लावली. नवशानं गड्यांना हळूच सांगितलं, "लावा बाबांनो, ती बोंबील नाय बघत."

ज्या दिवशी पालघरहून बोलावणं आलं, त्या दिवशी तिनं नवं लुगडं नेसलं. मरायचं असलं तरी नीटनेटकं जाऊ, असं म्हणाली. दवाखान्यात बाक सोडून ती उभीच राहिली.

"बस की."

"उभ्यानंच सांगा."

"साधा आहे."

"काय साधा?"

"तो कोंब. साधी मांसवाढ, थोडी सूज. पेशी सगळ्या आपापल्या ओळीत आहेत. कॅन्सर नाही, जयवंती."

जयवंती खाली बसली ती थेट जमिनीवरच.  नरहरीनं पाणी आणून दिलं, तर तिनं ते पिण्याऐवजी तोंडावर मारलं. मग तिचा आवाज परत आला.

"सगळ्या ओळीत?"

"सगळ्या."

"एकबी खाली घुसलेली नाय?"

"एकही नाही. पण वर्षानं पुन्हा दाखवायला यायचं. आणि तुझा गळा एवढा मोठा आहे, तर जरा चांगल्या कामाला लाव. तुझ्या बायकांना सांग. मध्येच रक्त दिसलं, वास येणारं पाणी जायला लागलं, तर लपवू नका म्हणावं. आणि जिची पाळी बंद होऊन वर्षं झालीत आणि तरी लाल दिसतं, तिनं तर सगळ्यांच्या आधी यायचं. तिनं थांबायचंच नाही."

बोईसरच्या बाजारात तिनं दुसऱ्या दिवसापासूनच सुरुवात केली. एका हातात सुरमई, दुसऱ्या हातानं शास्त्र. "आपल्या अंगात ना गो, वलांडी असते, बारीक. तिच्यावर बारीक बारीक बोंबील, एका ओळीत. ओळ मोडून ते वाळूत घुसायला लागले की समजायचं, वाईट. घाबरायचं नाय, दाखवायचं!" जमुना म्हणे, "डॉक्टरीणबाईनं बोंबील सांगितले व्हते का तुला?" "तिनं पेशी सांगितल्या. पेशी कुणाला कळनार इथं?" बायका तोंडाला पदर लावून हसत. हसता हसता एखादी थांबे, आणि बाजार उठता उठता येऊन पालघरच्या दवाखान्याचा रस्ता विचारून जाई. त्यातल्या जिला लाज वाटे तिच्याबरोबर जयवंती स्वतः जाई, आणि वाटभर तिच्याशी कशावरूनही भांडत राही, म्हणजे तिला घाबरायला वेळ मिळत नसे.

पण घरी हे सगळं सांगायचं राहूनच गेलं होतं. माईंना नुसतं "काय नाय निघालं" एवढंच कळलं होतं, आणि त्यांनी "मी म्हणतच व्हते" म्हणून विषय मिटवला होता. तो पुन्हा निघाला एका दुपारी, दोघी मिळून घोळीला मीठ चोळत असताना.

"गावातल्या बायकांना कशाला नेतेस त्या दवाखान्यात?" माई म्हणाल्या. "तुला साधं निघालं ना? मंग संपलं."

"कापलं म्हणून कळलं ना साधं हाय ते. नुसतं बघून तिलाबी कळलं नव्हतं."

"उगाच कापाकापी. पोरीबाळींचं एक वेळ ठीक."

"पोरीबाळींचं नाय माई. बाई म्हणाली, जिची पाळी कदीच बंद झाली नि तरी दिसतं, तिनं सगळ्यांच्या आदी यायचं. थांबायचंच नाय."

माईंनी मिठाची मूठ भरली. ती मासळीवर पडली नाही.

"थोडंसंच असलं तं?"

"थोडं असलं तरी."

"नि रोज नाय. कदी दिसतं, कदी नाय. असं असलं तं?"

"तरीबी."

"वास मातर येत असंल..."

जयवंतीचे हात थांबले. वासाचं तिनं घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. तिला स्वतःला तर तो कधी आलाच नव्हता. तिनं माईंकडं पाहिलं. माई मुठीतल्या मिठाकडं बघत होत्या.

"माई, कुणाचं इचारता?"

"कुनाचं नाय. बायका बोलतात."

"कुठल्या बायका? मी सगळ्या बायकांना वळखते."

"तुज्या बाजारातल्या नाय."

"मंग कुठल्या? माई, इकडं बघा माझ्याकडं. मला नको म्हणालात ते यासाठी? घरात नाव काढू नको म्हणालात, ते माझ्यासाठी नव्हतं ना?"

माई उठल्या. पाण्याच्या डेऱ्यातून पाणी घेऊन त्यांनी हातांचं मीठ धुतलं, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतूनही. पदराला हात पुसले. मग वाकून त्यांनी पलंगाखालून चपला ओढल्या. किनाऱ्यावर जायला माईंना चपला कधी लागल्या नव्हत्या. त्या निघायच्या त्या फक्त एस.टी.साठी.

"थांबा, मी येते. लुगडं बदलते नि येते," जयवंती मिठाच्या हातांनीच उठली. "माई! एवढं तरी सांगा. तुमाला कदीपासून?"

माईंनी पायांत चपला सरकवल्या, उंबरा ओलांडला आणि रस्त्याच्या अंगाला चालू लागल्या.